भाजीवर मोगरा

मांजरीच्या मथुराबाई आमच्याकडे फुलपुडी टाकतात, त्याला वीसेक वर्षं तरी झाली असतील. फुलपुडी म्हणजे केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधलेली देवाची रोजची फुलं. तगर, एखादी जास्वंद, दूर्वांची जुडी, दिवस असतील तसा मोगरा नाहीतर शेवंती आणि वरून दोऱ्याचे दोन वेढे. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत प्रत्येक दाराच्या चौकटीला त्यासाठी एक खिळा आहे. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं, तो पुडी तिथे लटकत असायची. बाई मात्र तोवर दोन वाडे पुढे गेलेल्या असायच्या.

मथुराबाईंना आमची आडनावं येत नाहीत. त्या माणसांना देवांवरून ओळखतात. मी बाळकृष्णाची वैनी. तिसऱ्या मजल्यावरचे श्यामसुंदर आजोबा बेलाचे गिऱ्हाईक म्हणून महादेवाचं आजोबा. समोर भाड्याने राहायला आलेली हेमा, तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक इवलासा संगमरवरी गणपती आहे, म्हणून ती फ्रिजवरल्या गणपतीची पोरगी. आमचे हे, म्हणजे यज्ञेश्वरराव, बँकेतून निवृत्त झाल्यापासून देवाला नुसता लांबून नमस्कार करतात. त्यांना बाईंनी नाव ठेवलं होतं, ‘लांबचं पाव्हनं’. यांनी ते निमूट स्वीकारलं. पुण्यात कोणी वरचढ बोललं की आम्ही त्याला मान देतो.

पहाटे उठून बागेत फुलं काढायची, पुड्या बांधायच्या, पाटी घेऊन पहिल्या बसने हडपसरवरून पेठेत यायचं, हा बाईंचा नेम. बाग म्हणजे कालव्याकाठची एक लांबट पट्टी. घरची बाकीची जमीन दिरांनी केव्हाच बिल्डरला दिली. ही पट्टी अरुंद, तिच्यावर इमारत उभी राहीना.

“नकाशात बसली न्हाई म्हून वाचली,” बाई सांगायच्या. “देवाला मोठं काय लागतच न्हाई, वैनी. चिंचोळं चालतं.”

त्यांचा मुलगा संपत वाघोलीच्या एका मंगल कार्यालयात फुलांची सजावट करायचा. मांडवाच्या कमानी, नवरानवरीच्या मागचा पडदा, गाडीवरचा मोर, असलं काम. पण आईची बाग त्याला आवडायची नाही. एवढ्या कष्टात दारोदार पुड्या वाटण्यापेक्षा शेजारच्या नव्या सोसायटीत साफसफाईचं काम धर, असं तो तिला कधीपासून म्हणत होता. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसला उभी असायची.

मग दोन हजार वीसचा मार्च आला. तो मी पुन्हा सांगायला नको, सगळ्यांनी पाहिला आहे. आधी एका रविवारी टाळ्याथाळ्या झाल्या, मग सगळंच बंद झालं. बस बंद, देऊळ बंद, कार्यालयं बंद. दूध, औषध, किराणा, भाजी एवढ्याला परवानगी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले आणि एक हवालदार खुर्ची टाकून बसले. आमची इमारत त्या पत्र्यांना लागूनच, त्यामुळे सरकार काय करतं ते आम्हाला गॅलरीतून दिसायचं. सकाळी फवारणीची गाडी, मग पालिकेच्या मुली ताप तपासायला, दुपारी कोणीतरी भोंग्यावरून सूचना वाचून दाखवायचं. त्या मुली एवढ्या उन्हात तो प्लास्टिकचा झगा घालून जिने चढायच्या. मी त्यांच्यासाठी जिन्यात कोकम सरबताचा तांब्या ठेवायची आणि आत येऊन देवापाशी त्यांच्या नावाने हात जोडायची.

नियम मोडावा असं माझ्या मनात कधी आलं नाही. माणसं वाचवायला केलेले नियम ते. पण देवापुढे बसलं की हात अडायचा. कुंडीतल्या तुळशीचं रोज एक पान बाळकृष्णाला, बाकीच्यांना अक्षता.

“देवांनाही रेशनिंग लागलं म्हणायचं,” हे म्हणाले. मग मोबाइलवर आलेला आदेश त्यांनी चष्मा वर करून मला वाचून दाखवला. “दूध अत्यावश्यक, भाजी अत्यावश्यक. म्हणजे नैवेद्याची सोय आहे. पूजेची नाही. तुझ्या देवाने जेवावं आणि गप्प बसावं.”

त्याच आठवड्यात मथुराबाईंचा फोन आला. त्यांनी आधी माझी नाही, देवाची चौकशी केली.

“बाळकृष्ण कसा हाय?”

“बिनफुलाचा आहे. तुम्ही कशा आहात?”

“मी काय, फुलात बसलीया. मोगरा असा आलाय वैनी, असा आलाय, जनू त्याला कुनी सांगितलंच न्हाई बंद हाय म्हून. काढायचा आन् बांधावर टाकायचा.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “काल पाटी घिऊन सर्जेरावच्या टेम्पोत बसून आल्ते मी. पुलापाशी पोलिसांनी माघारी लावलं. म्हनले, फुलं अत्यावश्यक न्हाईत. म्हनलं, देवाला इचारलं का? तर म्हनले, देव रजेवर हाय.”

सर्जेराव त्यांच्या गावचे, भाजी पिकवणारे. शेतकऱ्यांनी भाजी थेट शहरात विकावी म्हणून सरकारने पास दिले होते, तसा पास त्यांच्या टेम्पोला मिळाला होता. ड्रायव्हर आणि सोबत एक माणूस, एवढ्यांना परवानगी.

मग बाईंनी खरी गोष्ट सांगितली. लग्नं थांबली, कार्यालयाला कुलूप लागलं, संपत घरी बसला. मार्केट यार्डाचा फूलबाजारही बंद. डोळ्यांसमोर फुलं उकिरड्यावर जाताना बघून त्याने ठरवलं होतं की बाग नांगरायची आणि मेथी-कोथिंबीर टाकायची. शेतीच्या कामाला बंदी नव्हती. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ट्रॅक्टर मोकळा होणार होता.

“त्याचं चुकतंय असं बी म्हनवत न्हाई मला,” त्या म्हणाल्या. “भाजी खपतीया, फूल खपत न्हाई. पर मोगरा एकदा उपटला की पुन्ना धरायला दोन-तीन वर्सं जात्यात. आन् या वयात मी पुन्ना लावनार कवा?”

फोन स्पीकरवर होता. यांनी मान वर केली. “मथुराबाई, चूक तुमच्या भाषेत आहे. त्या टेम्पोच्या पासावर काय लिहिलंय? कोबी, फ्लॉवर, वांगी. फ्लॉवरला परवानगी आहे, फुलाला नाही. पोलिसांना इंग्रजीत सांगा.”

बाई हसल्या. “लांबचं पाव्हनं लई हुशार. पर देवाच्या फुलापायी खोटं बोललं तर ते फूल त्येला चालंल व्हय?”

यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. मी संध्याकाळी हिशेबाच्या वहीत त्या दिवसापुढे ‘मोगरा बांधावर’ एवढंच लिहिलं.

पुढे घडलं ते एका माणसाच्या भुकेमुळे. सर्जेरावांचा मदतनीस गावाकडे निघून गेला, म्हणून त्यांनी भाजी द्यायला मथुराबाईंनाच टेम्पोत घेतलं. तेवढीच पेठेतली तोंडं बघायला मिळतील म्हणून त्याही आनंदाने आल्या. पाट्यांत भाजीच होती, एकही फूल नाही. टेम्पो आमच्या पत्र्यांपाशी लागला आणि गॅलऱ्यांतून दोऱ्या सुटल्या. आमच्याकडे ती एक नवीनच रीत पडली होती. वरून पिशवी सोडायची, हवी ती भाजी ओरडून सांगायची आणि पिशवी वर ओढायची. श्यामसुंदर आजोबांची दोरी नेहमी हेमाच्या दोरीत गुंतायची. मग दोघांचं भांडण होऊन तिची वांगी त्यांच्याकडे जायची.

हवालदार टेम्पो तपासायला उठले. बाईंच्या ओच्यात पिवळंधमक काहीतरी दिसलं.

“आजी, फुलं आणायची नाहीत, सांगितलंय ना?”

“आवं ही भोपळ्याची. माझ्या दुपारच्या जेवनाची भाजी हाय. सर्जेरावच्या येलाची.”

“फूल ते फूल.”

“साहेब, तुमच्या आईनं कधी भजी केली न्हाईत का याची?”

मास्कमुळे हवालदारांचं तोंड दिसत नव्हतं, पण डोळे एकदम शाळकरी पोरासारखे झाले. ते साताऱ्याकडचे, तीन आठवडे घरी गेले नव्हते, चौकीतला तोच तो पुलाव खात होते.

“केली की,” ते हळूच म्हणाले. “पिठात बुडवून. आत थोडा लसूण-मिरचीचा ठेचा भरून.” आणि मग सर्जेरावांकडे वळून त्यांनी विचारलं, “आणखी आहेत का?”

वरून श्यामसुंदर आजोबा ओरडले, “मलाही. भोपळ्याची फुलं मी शेवटची कधी खाल्ली ते आमच्या हिलासुद्धा सांगता येणार नाही.”

तिथून सुरुवात झाली. मथुराबाईंच्या बागेच्या कडेला केळी होत्या, शेवग्याची झाडं होती. शेवग्याचा बहर सरत आला होता, पण होता. दुसऱ्या दिवशी त्या केळफुलं घेऊन आल्या, शेवग्याची फुलं आणली, सर्जेरावांच्या वेलावरची भोपळ्याची फुलं कागदात बांधून आणली. सगळी भाजीची. पेठेतल्या जुन्या घरांना केळफूल म्हणजे माहेरचं माणूस. दोऱ्या भराभर खाली आल्या. मी केळफूल निवडताना बोटं काळी होईपर्यंत हसत होते आणि का हसतेय ते माझं मलाच कळत नव्हतं.

पण मोगऱ्याचं काय? बाग तर मोगऱ्याची. केळफुलांवर ती वाचणार नव्हती.

दोन-तीन दिवसांनी बाईंनी पाटीत ओल्या फडक्याखाली मोगरा आणला आणि हवालदारांपुढे आपणहून फडकं उचललं.

“हा मोगरा. इकनार न्हाई. भाजीवर कढीपत्ता वर देत्यात ना, तसा ज्यानं भाजी घेतली त्याला चिमूटभर वर दीन. चालत आसंल तर ऱ्हाऊ द्या. न्हाई म्हनाल तर माघारी नेती.”

आपल्याकडे भाजीवाल्याने वर चार काड्या कढीपत्ता किंवा कोथिंबीर घातली नाही तर गिऱ्हाईक पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. हवालदारांना ते पटलं, पण मनाने काही ठरवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी चौकीत साहेबांना फोन लावला. आम्ही सगळे गॅलरीत कान लावून उभे. “होय साहेब... नाही साहेब, विक्री नाही... कढीपत्त्यासारखं... होय, मोगरा... नाही साहेब, मी बरा आहे, ताप नाही.” मग हवालदारांनी फोन खाली घेतला आणि निकाल सांगितला.

“साहेब म्हणतात, फुकट दिलेल्या कढीपत्त्याबद्दल आदेशात काहीच नाही.”

“मग?” सर्जेरावांनी विचारलं.

“मग काय, आदेशात नाही म्हणजे बंदी नाही. गर्दी करायची नाही, अंतर ठेवायचं, मास्क काढायचा नाही. द्या.”

त्या दिवशी माझ्या पिशवीत कागदाच्या पुडीत शेवग्याची फुलं आली आणि केळीच्या पानात बांधलेला, दोन वेढे दिलेला मोगरा आला. मी हात धुतले, पुडी तासभर उन्हात ठेवली, तेव्हा तशीच पद्धत होती, आणि मग सोडली. घरभर वास सुटला. बाळकृष्णाला वाहताना डोळ्यांत पाणी आलं. हे दारात उभे होते. म्हणाले, “हळू. एकदम एवढी फुलं बघून देव बावरेल.” पण त्या दिवशी त्यांनी लांबून नाही, पुढे येऊन नमस्कार केला.

आता हेमाचं सांगते, कारण तिच्यामुळे सगळं पालटलं. हेमा कॉम्प्युटरवाली. दिवसभर कानात ते यंत्र घालून साता समुद्रापार बोलायची. तिची पोळीवाली येऊ शकत नव्हती आणि हिला चहापलीकडे काही येत नव्हतं. नवरा श्रीधर तसाच. दोघं रोज नूडल्स खात होती. एका दुपारी तिचा मला फोन.

“काकू, क्विक सांगा ना, पाच मिनिटांत कॉल आहे. फ्लॉवरची भाजी कशी करतात?”

“फ्लॉवरची? सोपी आहे. आधी तुरे सुटे कर.”

“सुटेच आहेत काकू. छोटे छोटे, एकदम क्यूट.”

मी म्हटलं, आजकाल मिळतही असतील तसे. “मग मिठाच्या कोमट पाण्यात ठेव, अळ्या असतात.”

“एक मुंगी निघाली.”

“नशीब तुझं. मग हिंग-मोहरीची फोडणी, हळद, तिखट, झाकण ठेवून वाफ. वरून दाण्याचं कूट.”

“थँक यू काकू, यू आर अ लाइफसेव्हर.”

अर्ध्या तासाने जिन्यात असा वास सुटला की सांगता सोय नाही. लग्नाच्या मांडवात कोणी हिंग सांडलाय असं वाटावं. श्यामसुंदर आजोबा दार उघडून बाहेर आले. म्हणाले, “गॅस गळतोय की कोणाची मंगळागौर आहे?” मला एकदम काहीतरी लक्षात आलं आणि मी समोरचं दार वाजवलं. हेमाच्या ताटात पिवळा मोगरा होता, वर दाण्याचं कूट. फ्रिजवरच्या गणपतीपुढे शेवग्याच्या फुलांची रास. दोन पुड्यांमधली कुठली कशाची ते तिने विचारलं नव्हतं. बाईंनी सांगितलं नव्हतं, त्यांना वाटलं एवढं कोणालाही कळतं. आणि मी तर फ्लॉवर म्हटल्यावर कोबीशेजारचा फ्लॉवर धरून मोकळी झाले होते. तिघींनी मिळून केलेली ती भाजी.

“श्रीधरने खाल्ली?” मी विचारलं.

“दोनदा घेतली,” हेमा म्हणाली. “म्हणाला, ऑथेंटिक आहे, थोडी कडवट आहे, पण आपल्या पूर्वजांचं फूड असंच असणार.”

आतून श्रीधरचा आवाज आला. “काकू, मला काही होणार नाही ना?”

“काही नाही होत. दोन दिवस सुवासिक राहशील.”

दुसरी कोणी असती तर लाजून गप्प बसली असती. हेमाने त्या भाजीचा फोटो काढून सगळी हकीकत आपल्या ओळखीच्या गटांवर टाकली. खाली लिहिलं, ‘माझ्या गणपतीला भाजी वाहिली आणि नवऱ्याने मोगरा खाल्ला’. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या पेठांमधून फिरून आमच्याच इमारतीत परत आला. नारायण पेठेतल्या माझ्या मावसबहिणीने मलाच पाठवून विचारलं की ही कोण मूर्ख, तुझ्याकडची का? त्यापाठोपाठ विचारणा सुरू झाल्या. ती भाजीची फुलं कोण देतं? वर मोगरा देतात म्हणे, खरं का? आमच्या गल्लीत येतील का? महिनाभर कोणाच्या देवाला फूल नव्हतं, कोणाच्या जिभेला चव नव्हती.

हेमाने लगेच एक गट काढला आणि मथुराबाईंना त्यात घेतलं. बाईंना लिहिता येत नव्हतं, त्या बोलून निरोप पाठवायच्या. ते निरोप ऐकायला आम्ही रात्रीची कामं लवकर आटोपायचो. “आज मोगरा कमी हाय. ज्याच्या घरी दोन देव, त्यानं आज येकाला वाहा, उद्या दुसऱ्याला. भांडनं लावू नका.” किंवा, “महादेवाच्या आजी, तुमी काल केळफूल कुजकं म्हनाला. ते कुजकं न्हाई, ते तसंच असतंय.” सर्जेराव आता तीन-चार पेठांमध्ये टेम्पो थांबवत होते. दुपार व्हायच्या आत पाट्या रिकाम्या होत होत्या.

पण संपत तिकडे ठाम होता. हे चार दिवसांचं कौतुक आहे, असं त्याचं म्हणणं. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आमच्या खालच्या शिंप्याने लग्नसराईचं कापड भरून ठेवलं होतं, तो रोज बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. रस्त्याने माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन आपापल्या मुलखाला चालत निघाली होती. ज्याचं काम गेलं त्याला कौतुकावर जगता येत नाही. बाईंनी एका रात्री निरोपात सांगून टाकलं, “आक्षयतृतीयेला संपत बाग नांगरनार हाय. तवर हाय तो मोगरा घ्या.”

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून मथुराबाई उतरल्या नाहीत. उतरला एक उंच, सावळा, तोंडाला मास्क लावलेला मुलगा. आईने त्याला धाडलं होतं. एकदा जाऊन बघ, मग नांगर, एवढंच ती म्हणाली होती. त्याने पाट्या मांडल्या आणि वर पाहिलं. सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या.

“तू संपत का?” श्यामसुंदर आजोबांनी विचारलं.

“होय.”

“बाग नांगरणारा?”

त्याने एक पाटी पुढे ओढली.

“छान,” आमचे हे म्हणाले. “नांगर. आमच्या देवांना सवय आहे उपाशी राहायची. तुझी आई येते तेव्हा निदान आम्हाला कोणी नावं ठेवणारं असतं, ते बंद होईल एवढंच.”

मी यांना आत ओढलं. असल्या टोमण्यांनी कोणाची बाग वाचत नसते. संपत मान खाली घालून पुड्या पिशव्यांत टाकत होता, आणि मला वाटलं, हा आता घरी जाऊन आजच ट्रॅक्टर बोलावणार.

तेवढ्यात आजोबांनी दोरी सोडली. पिशवी रिकामीच होती.

“हार आहे का रे?”

“हार नाही, आजोबा. सुटी फुलं आहेत.”

“आज हिचा वाढदिवस. इतकी वर्षं मी विसरत आलो. यंदा बाहेर जाता येत नाही म्हणून लक्षात राहिला. तर म्हटलं हार घालावा.” मागून आजींचा आवाज आला, “काही नको, आत या,” पण त्या स्वतःच कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या.

संपतने पाटीतल्या मोगऱ्याकडे पाहिलं. “मी मांडवातले हार करतो, पुरुषभर उंचीचे,” तो म्हणाला. “एवढ्याशा फुलांचा काय करणार?” असं म्हणता म्हणताच त्याने केळफुलाच्या पाटीतलं केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल, उचललं, त्याचा धागा सोडवला आणि टेम्पोच्या फळीवर मांडी घालून बसला. गेला महिना त्याच्या हातांना काम नव्हतं. ते हात आता असे चालायला लागले की आम्ही सगळे बोलायचे थांबलो. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, गाठ, पुन्हा दोन. मध्येच भोपळ्याचं एक पिवळं फूल त्याने पदकासारखं गुंफलं. हवालदार खुर्चीवरून उठून अंतर ठेवून बघत उभे राहिले. हार झाला तसा त्याने पिशवीत अलगद ठेवला आणि दोरी हलवली.

आजोबांनी वर ओढला, आजींच्या गळ्यात घातला. आजी म्हणाल्या, “भोपळ्याचं फूल कशाला? संध्याकाळी भजी करता आली असती.” पण त्यांनी तो रात्रीपर्यंत काढला नाही.

मग समोरच्या इमारतीतून कोणीतरी घाईत ओरडून सांगितलं, “आमच्या मुलीची मुंज आहे... नाही, मुलाची मुंज, मुलीचं बारसं.” घरच्या घरी चार माणसांत करायची होती, पण फुलांवाचून कशी करणार? पलीकडे कोणाचं लग्नच होतं, पाहुण्यांवाचून, दोन्हीकडचे आईबाप आणि भटजी मोबाइलवर. मोठी कार्यं थांबली होती, पण माणसं जन्माला येत होती, मोठी होत होती, लग्नं करत होती. संपत फळीवर बसून प्रत्येकाला विचारत होता, देवघर किती रुंद आहे, पाळणा लाकडी की कापडी, खिळे कुठे आहेत. तो आता विकणारा माणूस राहिला नव्हता, मांडववाला झाला होता. सर्जेराव दोनदा म्हणाले, चल, ऊन झालं. तो ऐकेचना.

“विकायचे नाहीत हं हार,” हवालदारांनी हळूच आठवण करून दिली. “कढीपत्ता.”

“मग केळफूल घ्या म्हणतो त्यांना,” संपत म्हणाला. “केळफुलावर मुंजीचं तोरण वर.”

हवालदारांनी यावर साहेबांना फोन केला नाही.

अक्षय्य तृतीयेला मांजरीत ट्रॅक्टर आला. तो निरोप मथुराबाईंनी गटावर पाठवला तेव्हा पाठीमागे इंजिनाचा आवाज होता आणि आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. “आला ट्रॅक्टर. बागंतली कालव्याकडली पड जमीन नांगरतोय संपत. दसऱ्याची शेवंती लावायची हाय म्हनतो. मोगऱ्याला हात लावंना झालाय.” हेमाने त्यावर एवढी नाचणारी चित्रं टाकली की यांचा फोन बंद पडला.

पुढे बंधनं एकेक करून सुटली. आधी फुलं विकायची मोकळीक मिळाली, मग बस सुरू झाली, दिवाळीच्या पाडव्याला देवळंही उघडली. आम्हाला वाटलं, आता भाजीची फुलं बंद होतील. पण कोणी बंद करू देईना. दाराच्या खिळ्याला आता दोन पुड्या असतात, पानातली देवाची आणि कागदातली आपली. हेमाच्या खिळ्यावर बाई तिसरा दोरा बांधतात, लाल, म्हणजे ही खायची नाही.

इतकी वर्षं त्या बागेची फुलं मी देवाला वाहिली, पण बाग कधी पाहिली नव्हती. त्या हिवाळ्यात हे आणि मी रिक्षा करून मांजरीला गेलो. कालव्याच्या कडेने चिंचोळी, लांबच लांब हिरवी पट्टी, एका अंगाला शेवंतीच्या पिवळ्या ओळी, पलीकडे मोगऱ्याची छाटलेली झुडपं. मथुराबाई बांधावर पदर खोचून उभ्या होत्या, आणि आत संपत वाकून ओळींमधून फिरत होता.

“बाई, बाहेर का उभ्या?” यांनी विचारलं.

“काय सांगू पाव्हनं,” त्या म्हणाल्या. “हा माझी बाग नांगरनार व्हता. आता मलाच आत येऊ देत न्हाई. म्हनतो, तुझं ध्यान बोलन्यात असतंय, कळ्या तुडवशील.”

संपतने आतूनच मान वर केली. “काकू, तुम्ही या. चपला मात्र बांधावर काढा.”

मी काढल्या. यांनीही काढल्या आणि माझ्या पुढे आत गेले. मथुराबाई मागून म्हणाल्या, “बगा, लांबचं पाव्हनं आत, आन् मी भाईर.” मग त्यांनीही चपला काढल्या, संपतची पाठ फिरली तसा पाय उचलला आणि माझा हात धरून हळूच आत आल्या.